उन्हाळा आला की इंजिन तापते: सुझुकीच्या जी-मालिकेतील इंजिनांच्या वारंवार उद्भवणाऱ्या समस्येचे निवारण

जळगाव, भुसावळ, रावेर, चोपडा आणि शिरपूर या पट्ट्यात सुझुकीच्या जी-मालिकेतील चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्या आजही सर्रास दिसतात. ईको तर गावोगावी आहे. शाळेची मुले, शेतमजूर, वऱ्हाड आणि बाजाराचा भाजीपाला या सर्वांची ने-आण तीच करते. सातपुड्याच्या पायथ्याला जिप्सी टिकून आहे आणि झेन, एस्टीम या गाड्या तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे का होईना, पण चालू स्थितीत आहेत. या सर्व गाड्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते. मार्चअखेर तापमानाचा काटा वर सरकू लागतो, एप्रिलमध्ये गाडी पाणी फेकू लागते, मे महिन्यात एखादा सुटा भाग बदलला जातो, जूनमध्ये गाडी ठीक चालते आणि पुढच्या वर्षी मार्च संपताना तोच काटा पुन्हा वर सरकतो. दरवर्षी वेगळा भाग बदलूनही तक्रार कायम का राहते, ती कशी शोधावी आणि मुळापासून कशी दूर करावी, याचा विचार येथे केला आहे.

आधी इंजिन ओळखावे

केवळ गाडीचे नाव सांगून आणलेला हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्या सांध्यातील पातळ पत्रा) किंवा वॉटर पंप पुष्कळदा बसत नाही, म्हणून आपल्या गाडीत या घराण्यातील नेमके कोणते इंजिन आहे, हे प्रथम पक्के करावे. जी-मालिकेतील इंजिनांचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असून त्यात बिडाच्या स्लीव्ह असतात. हेडही अ‍ॅल्युमिनियमचेच असते आणि कॅमशाफ्ट दातेरी टायमिंग बेल्टवर फिरतो. १९९३ मध्ये आलेल्या झेनमधील जी१०बी हे ९९३ सीसीचे इंजिन. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनच्या फेरीची लांबी) ६१ मिलिमीटर. १९९४ च्या एस्टीमपासून आपल्याकडे रुळलेले जी१३बी १२९८ सीसीचे असून त्याचे माप ७४ बाय ७५.५ मिलिमीटर आहे. जिप्सी किंगमध्ये ते आधी आठ व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटरसह सुमारे ६० अश्वशक्तीचे होते. नंतर सोळा व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय (संगणकाच्या नियंत्रणाखाली पेट्रोल फवारण्याची पद्धत) यांसह जी१३बीबी या रूपात सुमारे ८० अश्वशक्तीपर्यंत गेले. हेच जी१३बीबी व्हर्सामध्ये आणि २००५ च्या पहिल्या स्विफ्टमध्येही होते. २०१० मध्ये आलेल्या ईकोतील जी१२बी म्हणजे त्याच स्ट्रोकचे, पण ७१ मिलिमीटर बोअरचे ११९६ सीसीचे भावंड होय. जुन्या बलेनोतील १५९० सीसीचे जी१६बी हे या घराण्यातील थोरले.

येथे दोन ठिकाणी गफलत होते. पहिली ९९३ सीसी या आकड्यामुळे. सुझुकीचे जी१० नावाचे तीन सिलिंडरचे इंजिनही ९९३ सीसीचेच होते (७४ बाय ७७ मिलिमीटर) आणि ते परदेशांत कल्टससारख्या गाड्यांत विकले गेले. झेनसाठी ऑनलाइन गॅस्केट मागवताना केवळ सीसी पाहिल्यास तीन भोकांचा गॅस्केट घरी येतो. दुसरी गफलत जुन्या वॅगन आरची. तिच्यातील १०६१ सीसीचे एफ१०डी, तसेच जुन्या एमजी४१० जिप्सीतील आणि मारुती १००० मधील ९७० सीसीचे एफ१०ए ही चार सिलिंडरचीच इंजिने असली, तरी ती एफ-मालिकेतील, बिडाच्या ब्लॉकची आहेत. पुढे दिलेली तपासणी त्यांनाही लागू पडते, परंतु मापे आणि सुटे भाग लागू पडत नाहीत. नोव्हेंबर २०२२ नंतरच्या ईकोत के-मालिकेचे, टायमिंग चेन असलेले इंजिन येते, त्यामुळे बेल्टविषयी लिहिलेले तिच्या मालकांनी सोडून द्यावे.

तक्रार दरवर्षी का परतते

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो, हे मुख्यतः आतील पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आहे असे धरले, तर डिसेंबरातील २५ अंशांच्या दुपारी हा फरक ७० अंशांचा असतो, तर मे महिन्यात भुसावळला ४५ अंशांच्या उन्हात तो ५० अंशांवर येतो. म्हणजे त्याच रेडिएटरची, त्याच वेगाला, जवळपास तीस टक्के क्षमता हवामानानेच काढून घेतलेली असते. डांबरी रस्त्याला लागून असलेली हवा हवामान खात्याच्या आकड्याहून अधिक तापलेली असते, शिवाय एसी चालू असल्यास ती एसीच्या, रेडिएटरपुढे असलेल्या कंडेन्सर नावाच्या जाळीमधून आणखी गरम होऊनच रेडिएटरपर्यंत पोहोचते.

कंपनीने रेडिएटर बसवताना ही तूट सोसण्याइतकी राखीव क्षमता ठेवलेली असते, म्हणूनच नवी ईको मे महिन्यातही तापत नाही. पण रेडिएटरच्या नळ्या एक तृतीयांश बुजल्या, तर ही राखीव क्षमता संपते आणि तरीही ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत मालकाला त्याचा पत्ता लागत नाही. उन्हाळ्यात जे दिसते तो बिघाड त्या उन्हाळ्यात झालेला नसतो. तो आधीच्या दोन-तीन वर्षांत हळूहळू साचलेला असतो.

याच हिशेबामुळे चुकीच्या दुरुस्तीलाही यश मिळाल्यासारखे वाटते. मेच्या शेवटच्या आठवड्यात थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलला, चार दिवसांनी वळवाचा पाऊस झाला, हवा ४५ वरून ३३ अंशांवर आली आणि गाडी तापायची थांबली, की मालक आणि मिस्त्री दोघेही थर्मोस्टॅटच खराब होता असे मनाशी पक्के करतात. पुढच्या वर्षी तीच तक्रार आली की ती नवी समजली जाते आणि वॉटर पंपाची पाळी येते. म्हणून आपल्या भागात या तक्रारीची दुरुस्ती, शक्य असेल तर, पाऊस पडण्याची वाट पाहत लांबवू नये आणि तिचा निकाल पावसानंतर लावू नये.

गाडी नेमकी केव्हा तापते

सुटे भाग उघडण्यापूर्वी मालकाला विचारण्यासारखा सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे, आणि गॅरेजमध्ये तोच सहसा विचारला जात नाही.

गाडी रेल्वे फाटकावर, बाजारात किंवा एसी लावून उभी असताना तापत असेल आणि रस्त्यावर वेग घेतल्यावर काटा खाली येत असेल, तर आतील पाण्याचा प्रवाह ठीक असून हवेचा प्रवाह कमी पडत आहे. झेन, एस्टीम, स्विफ्ट आणि ईको यांत विजेचा पंखा आहे; त्याची मोटर, रिले, फ्यूज आणि वायरिंग पाहावे. पंखा फिरतो एवढे पुरेसे नाही, कारण कार्बन झिजलेली मोटर फिरते, पण जोर धरत नाही. कुठल्यातरी दुरुस्तीनंतर तारा उलट जोडल्या गेल्यास पंखा उलट फिरून हवा पुढे ढकलतो, म्हणून रेडिएटरच्या पुढे वर्तमानपत्राचा कागद धरून तो जाळीकडे ओढला जातो का, हे पाहावे. जिप्सीचा पंखा इंजिनाच्या बेल्टवर, मधल्या सिलिकॉन तेलाच्या कपलिंगमधून फिरतो. गरम इंजिन बंद केल्यावर तो पंखा हाताने सहज गरगर फिरला, तर कपलिंग गेलेले आहे.

याउलट गाडी शहरात ठीक चालून महामार्गावर ८० च्या वेगाला किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना, तोरणमाळला जाताना तापत असेल, तर हवा भरपूर मिळत असूनही पाणी उष्णता वाहून नेत नाही, असा अर्थ होतो. रेडिएटरच्या आतील नळ्या, वॉटर पंप, त्याचा सैल पट्टा, आतून सुटलेला किंवा वेगात आत चेपणारा खालचा होज (रेडिएटरची रबरी नळी) आणि शेवटी हेड गॅस्केट, असा शोध घ्यावा. सकाळी गाडी सुरू करून पाच-सात मिनिटांतच काटा चढत असेल, तर पाणी कमी आहे, हवा अडकली आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा हेड गॅस्केट गेला आहे. काटा क्षणात टोकाला जाऊन क्षणात शून्यावर येत असेल, तर आधी सेन्सरची तार आणि अर्थिंग पाहावे. इंजिनाचे तापमान इतक्या झपाट्याने बदलत नाही.

दुसरी सोपी परीक्षा दोन्ही होजची. इंजिन पूर्ण तापल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने वरच्या आणि खालच्या होजचे तापमान घ्यावे. वरचा खूप गरम आणि खालचा त्यामानाने बराच थंड असेल, तर पाणी संथ वाहत आहे. दोन्ही जवळपास सारखेच गरम असतील, तर पाणी फिरते आहे, पण हवा त्यातील उष्णता काढून घेत नाही. त्याच थर्मामीटरने रेडिएटरच्या जाळीवरून सावकाश फिरल्यास बुजलेल्या नळ्यांचा भाग थंड पट्ट्यासारखा दिसतो. हे यंत्र आता हार्डवेअरच्या दुकानातही मिळते आणि एका चुकीच्या वॉटर पंपाच्या खर्चात ते वसूल होते. ओबीडी सॉकेट (इंजिनाच्या संगणकातील माहिती वाचण्याची जोडणी) असलेल्या गाडीत मोबाईलला जोडणारा स्वस्त रीडर लावल्यास प्रत्यक्ष अंश वाचता येतात. काटा मधल्या पट्ट्यात स्थिर ठेवला जातो, अंश तसे राहत नाहीत.

रेडिएटरची बाहेरची बाजू

खानदेशात कापसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि जिनिंगच्या परिसरात, तसेच कापसाच्या गाड्यांच्या मागे धावणाऱ्या वाहनांच्या रेडिएटरवर रुईचे तंतू चिकटत राहतात. त्यावर शेतरस्त्याची काळी माती बसते आणि फेब्रुवारीपर्यंत त्याचा नमदा तयार होतो. एसी असलेल्या गाडीत समोरून पाहिले असता कंडेन्सर स्वच्छ दिसतो, परंतु खरी घाण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असते. पुढून पाण्याचा जोरदार फवारा मारल्याने ती आणखी आत बसते आणि पत्र्याच्या नाजूक पात्या वाकतात, ते वेगळेच. रेडिएटरचे वरचे बोल्ट सैल करून तो थोडा मागे घ्यावा आणि इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या दाबाने पाणी मारावे. वॉशिंग सेंटरवर हे काम सांगूनही होत नाही, म्हणून गॅरेजमध्येच उभे राहून करून घ्यावे. दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला एवढेच केले, तरी उभ्या गाडीत तापण्याच्या तक्रारी पुष्कळशा मिटतात.

बोअरचे पाणी

माझ्या मते या भागातील तक्रारींचे खरे मूळ येथे आहे. काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या आणि ट्यूबवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेट विघटित होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर धरतो. आंघोळीच्या पाण्याच्या हिटरच्या कॉइलवर जसा खडा चढतो, तसाच. इंजिनात हा थर सर्वत्र सारखा बसत नाही. जेथे धातू सर्वांत जास्त तापतो, म्हणजे हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीभोवती आणि दोन सिलिंडरांमधील अरुंद वाटेत, तेथे तो आधी आणि जाड बसतो. अशा थराची उष्णतावाहकता अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतकी असते, त्यामुळे कागदाच्या जाडीचा थरसुद्धा त्या जागेचे तापमान वाढवायला पुरतो. काटा मात्र पाण्याचे तापमान दाखवतो, त्या जागेच्या धातूचे नव्हे. यामुळेच काटा फारसा न चढताही हेड वाकल्याची उदाहरणे आढळतात.

यात भर पडते ती रोजच्या 'थोडे पाणी टाका' या सवयीची. समजा, वॉटर पंपाच्या सीलमधून किंवा एखाद्या क्लॅम्पपाशी पाणी झिरपून तेथेच सुकते आहे. वरून टाकलेले बोअरचे प्रत्येक लिटर नवे क्षार आणते, आणि ते तापून आतच थर धरत राहतात. म्हणजे गळती लहान असेल तर नुकसान कमी, हा समज उलटा आहे. मोठी गळती माणूस दुरुस्त करतो, लहान गळतीला वर्षानुवर्षे बोअरचे पाणी पाजतो. अशा पाण्यातील क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पाडतात, आणि हेड गॅस्केटच्या पाण्याच्या भोकांभोवतीची कड त्यामुळेच खाल्ली जाते. अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचे हेड असलेल्या या मालिकेला हा धोका बिडाच्या ब्लॉकच्या इंजिनांपेक्षा अधिक आहे.

साफसफाई करताना एक गोष्ट निक्षून टाळावी. पूर्वीच्या जिप्सीच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला टाकी उघडून सळई घालता येत असे आणि तेजाबाने धुताही येत असे; तोच हात अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाला लावला जातो. शौचालय साफ करण्याचे अ‍ॅसिड आणि कॉस्टिक सोडा हे दोन्ही अ‍ॅल्युमिनियमला खातात. थर निघतो, पण त्याखालचा धातूही निघतो, आणि पातळ झालेली नळी पुढच्या घाटात फुटते. सायट्रिक अ‍ॅसिडचे सौम्य द्रावण किंवा अ‍ॅल्युमिनियमसाठी चालते असे स्पष्ट लिहिलेले रेडिएटर फ्लश वापरावे, इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवून थोडा वेळ चालू ठेवावे, थंड होऊ द्यावे, काढून टाकावे आणि निथळ पाणी येईपर्यंत डिस्टिल्ड वॉटरने धुवावे. थर जुना आणि जाड असेल, तर त्याचे सुटलेले कपचे जाऊन रेडिएटरच्या नळ्यांतच अडकतात, म्हणून इंजिन धुताना खालचा होज रेडिएटरपासून सोडून द्रावण बाहेर काढणे चांगले. अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेला रेडिएटर आतून बुजला असेल, तर तो उघडून साफ करण्यात वेळ घालवू नये, बदलावा.

त्यानंतर भरायचे ते कूलंट. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे अनेक अनुभवी चालकही म्हणतात. त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. कूलंटमधील गंजरोधक रसायने अ‍ॅल्युमिनियमचे रक्षण करतात आणि त्यातील ग्लायकॉलमुळे उकळबिंदू वर जातो. रेडिएटरचे ढाकण चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो दाबाचे असेल, तर साधे पाणी सुमारे ११८ अंशांना उकळते. निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी असल्यास हा आकडा आणखी सात-आठ अंशांनी वाढतो. मात्र अधिक चांगले म्हणून नुसते कूलंट, पाणी न मिसळता भरू नये, कारण ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. मिसळण्यासाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर उत्तम. अडचणीच्या वेळी पिण्याच्या जारचे आरओचे पाणी चालेल; बोअरचे नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा

मे महिन्यात अनेक मिस्त्री 'आपल्याकडे याची गरजच नाही' असे म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात. या इंजिनांत तो साधारण ८२ अंशांना उघडू लागतो आणि ९५ च्या सुमारास पूर्ण उघडतो. नेमका आकडा त्याच्यावरच छापलेला असतो. इंजिन १०५ अंशांवर असताना चांगला थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडा असतो, त्यामुळे तो काढल्याने उन्हाळ्यातील तक्रार सुटण्याचे कारण नाही. हिवाळ्यात मात्र इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, एमपीएफआयचा संगणक इंजिन थंड आहे असे समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज घसरते आणि सिलिंडरची झीज वाढते. संशय असल्यास थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात टांगून, थर्मामीटर लावून तापवावा. उघडला तर परत बसवावा, नाही तर नवा घ्यावा.

ढाकण, पंप आणि पट्टा

रेडिएटरचे ढाकण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. त्याचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल झाली, की दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळते. त्यावरील आकड्याचेच नवे ढाकण घ्यावे. दाब वाढवण्यासाठी मोठ्या आकड्याचे बसवू नये. वॉटर पंप आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर फिरतात; त्या पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने चांगला दाब दिला असता तो साधारण ६ ते ८ मिलिमीटर दबावा. पंपाच्या खालच्या लहान छिद्रातून पांढरा किंवा हिरवा ओघळ दिसत असल्यास त्याचे सील गेले आहे. पंप काढण्यासाठी टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणून बेल्ट बदलताना पंपही बदलून घेणे शहाणपणाचे.

ईकोची विशेष अडचण

ईकोचे इंजिन पुढच्या आसनांखाली आणि रेडिएटर पुढे नाकाशी असल्यामुळे पाण्याचे पाइप लांब आहेत. पाणी पूर्ण काढून पुन्हा भरले, की त्यांत हवा अडकते. मग काटा अचानक चढतो, उतरतो, आणि नवीन कूलंट घालूनही गाडी तापते अशी तक्रार येते. भरताना गाडीचे नाक चढाकडे करून उभी करावी, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच राहील. ढाकण न लावता थंड इंजिन सुरू करावे, हीटर असल्यास पूर्ण गरमवर ठेवावा, होज हाताने दाबत राहावे आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत पातळी भरत राहावी. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना पातळी पुन्हा पाहावी.

सीएनजीच्या ईकोत आणखी एक जागा तपासावी लागते. दाबाखालील गॅस प्रसरण पावताना थंड होतो, म्हणून गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर गोठू नये यासाठी इंजिनाचे गरम पाणी त्यातून फिरवलेले असते. बाहेरून किट बसवताना यासाठी होज कापून टी-जोड घातलेले असतात आणि त्यांचे साधे क्लॅम्प काही काळाने ढिले पडतात. आसनाखालील उष्णतेत तेथील थेंब पडण्याआधीच सुकतो, त्यामुळे जमिनीवर ओल दिसत नाही. जोडाभोवती पांढरट पापुद्रा दिसतो. 'पाणी कुठे जाते कळत नाही' अशी तक्रार असलेल्या सीएनजीच्या गाडीत पहिली नजर येथेच टाकावी.

हेड गॅस्केट

वरील सर्व ठीक असूनही पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे वळावे, त्याआधी नाही. थंड इंजिन ढाकण काढून सुरू करावे आणि रेडिएटरच्या तोंडातून सतत बुडबुडे येतात का पाहावे. ढाकण लावून सुरू केल्यावर मिनिटभरातच, पाणी कोमटही झालेले नसताना, वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे. निळ्या द्रवाची तपासणी नळी मिळाल्यास तिने खात्री करावी. जळलेल्या वायूमुळे तो द्रव पिवळा पडतो. तेलाच्या ढाकणाखालचा दुधी साका मात्र एकटा पुरावा मानू नये, कारण थंडीत रोज थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीत तो वाफेमुळेही जमतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) तपासताना चारही सिलिंडरांचे आकडे लिहून घ्यावेत. दोन सिलिंडरांत चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा जास्त फरक असल्यास संशय बळावतो, आणि कमी आकड्याचे सिलिंडर शेजारी-शेजारी असल्यास निदान जवळजवळ निश्चित होते.

हेड उतरवल्यावर नवा गॅस्केट टाकून तसेच बसवणे हे सर्वांत महागडे काटकसरीचे काम आहे. सरळ पट्टी आणि फीलर गेजने हेडची सपाटी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर तपासावी. सुझुकीने दिलेली मर्यादा ०.०५ मिलिमीटर आहे. त्याहून जास्त वाक असल्यास मशीन शॉपमध्ये फेसिंग (तळ घासून सपाट करणे) करून घ्यावे आणि ब्लॉकची सपाटीही पाहावी. फेसिंगच्या आधी हेडला हवेच्या दाबाखाली पाण्यात बुडवून तडा तपासण्याचा आग्रह धरावा, कारण तडा गेलेले हेड घासून गुळगुळीत केले तरी ते पाणी फेकतच राहते. बोल्टची भोके तेल-पाण्यापासून कोरडी करावीत आणि बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळावेत. अंदाजाने आवळलेले हेड पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकले, तर त्याला नशीब म्हणावे.

रस्त्यात काटा चढलाच, तर एसी ताबडतोब बंद करावा, हीटर असल्यास पूर्ण सोडावा आणि सावली दिसेल तेथे थांबावे. पंखा चालू असेल आणि पाणी फेकले गेले नसेल, तर इंजिन एक-दोन मिनिटे आयडलवर ठेवणे हिताचे. पाणी गेलेले असेल तर लगेच बंद करावे. ढाकण गरम असताना उघडू नये आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, कारण हेड वाकण्याचे निम्मे काम गाडी तापल्याने आणि उरलेले त्या घाईच्या बाटलीने होते.

दुरुस्ती झाल्यावर गाडी ताब्यात घेताना मिस्त्रीच्या दारातील पाच मिनिटांच्या आयडलवर समाधान मानू नये. एप्रिल किंवा मे महिन्यातच, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, एसी लावून आणि माणसे भरून, कन्नडच्या घाटासारखा एखादा लांब चढ चढावा. ओबीडी रीडर असल्यास चढाच्या सुरुवातीचे आणि माथ्यावरचे अंश लिहून ठेवावेत, आणि परतल्यावर, इंजिन रात्रभर थंड झाल्यानंतर, रेडिएटर आणि राखीव टाकी दोन्हींची पातळी पाहावी. जून उजाडल्यावर काम पूर्ण झाले असेल, तर बिलावर तारीख आणि बदललेल्या भागाचे नाव लिहून घ्यावे आणि हीच चाचणी पुढच्या एप्रिलमध्ये, काटा चढण्याची वाट न पाहता करावी.